चरातला स्टाफवाला

महाराष्ट्रात 'एक्स्कॅव्हेटर' हा शब्द निविदेत असतो, साइटवर नसतो. साइटवर दोनच यंत्रं. टायरवर पळणारा, पुढे मोठं खोरं आणि मागे सोंड असलेला तो जेसीबी. साखळीवर चालणारा, कमरेतून गोल फिरणारा तो पोकलेन. काही भागांत त्याचा 'पोकलँड' झाला आहे, जणू युरोपातला एखादा देशच. शब्द खरोखरच युरोपातून आला. पॅरिसजवळच्या ल प्लेसी-बेलव्हिल या गावी जॉर्ज बताय यांनी १९२७ मध्ये शेतीच्या अवजारांचा कारखाना काढला. (याच नावाचा फ्रेंच लेखक काही वाचकांना ठाऊक असेल, हा तो नव्हे.) पोक्लेन ही त्यांची कंपनी. १९५१ मध्ये तिनं तेलाच्या दाबावर चालणारं आपलं पहिलं खोदाई यंत्र बाजारात आणलं. पुढे भारतात लार्सन अँड टुब्रोनं पोक्लेनच्या परवान्यानं अशी यंत्रं बनवली आणि वनस्पती तुपाला डालडा चिकटावं तसं कंपनीचं नाव यंत्राला चिकटलं. आज कुठल्याही कंपनीचं पिवळं, निळं किंवा नारिंगी धूड उभं असो, मुकादम विचारतो, "पोकलेन आला का?"

तेलाच्या दाबानं ताकदीचा प्रश्न सुटला. त्याआधी शंभरेक वर्षं वाफेवर आणि तारेच्या दोरांवर चालणारी खोरी होती. विल्यम ओटिस या तरुण अमेरिकी माणसानं १८३९ मध्ये वाफेच्या खोऱ्याचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी तो वारला. दोरांवरचं खोरं डोंगर फोडायला ठीक होतं, पण बारीक हालचाल त्याला जमत नसे. हायड्रॉलिक यंत्राची बकेट मात्र हाताच्या पंजासारखी वळते. तरी एक प्रश्न तसाच राहिला. केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला चराचा तळ दिसत नाही. मग आपण किती खोल गेलो हे त्याला कळणार कसं?

मी बरीच वर्षं ड्रेनेजच्या आणि पाण्याच्या लाइनींवर साइट इंजिनिअर म्हणून काम केलं. हल्ली ऑपरेटरांना सेन्सरवर चालणारी डेप्थ गायडन्स यंत्रणा शिकवतो. शिकवताना पहिल्या दिवशी हमखास प्रश्न येतो, "साहेब, आता स्टाफवाला लागणार नाही ना?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर स्टाफवाला तिथे आला कुठून, हे आधी सांगावं लागतं.

ड्रेनेजची लाइन पंपानं नाही, उतारानं वाहते. १:२०० असा उतार म्हणजे मीटरमागे ५ मिलिमीटर. दोन मॅनहोलमध्ये ३० मीटर अंतर असेल तर पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त १५० मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही, एवढाच खाली जातो. चर एखाद्या ठिकाणी ५० मिलिमीटर जास्त खोदला गेला तर काढलेली माती परत लोटून चालत नाही. ती बसते आणि पाइपला पोट येतं. तिथे भर घालायची ती काँक्रीटची किंवा धुम्मस करून बसवलेल्या मुरमाची. कमी खोदला तर पाइप वर राहतो आणि मैला तुंबतो. लंडनमध्ये जोसेफ बॅझलजेट यांनी १८५९ पासून ज्या मोठ्या मैलावाहिन्या बांधल्या, त्यांपैकी मुख्य वाहिन्यांचा उतार मैलाला अवघा २ फूट होता. हे सगळं कुदळ-फावड्यानं. त्या काळातली खोदाई अडाणी होती असं कुणी म्हणालं की मला हा आकडा आठवतो.

हातानं खोदताना खोली मोजायची सगळ्यात सुंदर रीत (हो, सुंदरच) म्हणजे साइट रेल आणि बोनिंग रॉड. चराच्या दोन्ही टोकांना, चराच्या अंगावर आडवी येईल अशी फळी खांबांवर ठोकायची. दोन्ही फळ्या पाइपच्या नेमलेल्या तळापासून बरोबर सारख्या उंचीवर, समजा ३ मीटरवर. म्हणजे दोन फळ्यांना जोडणारी नजरेची रेघ पाइपच्या उतारालाच समांतर होते. मग ३ मीटर लांबीचा, वर आडवी पट्टी असलेला इंग्रजी टी अक्षरासारखा दांडा तळावर उभा धरायचा आणि एकानं एका फळीवरून दुसऱ्या फळीकडे बघायचं. पट्टी रेघेच्या वर दिसली तर अजून खोदा, रेघेत बसली तर थांबा, खाली गेली तर मुकादमाच्या शिव्या खा. आकडेमोड नाही, बॅटरी नाही. आमच्या सुरुवातीच्या काळात मुकादमाला लिहिता-वाचता येत नसेल तरी हे काम चोख जमायचं.

फळ्या ठोकायला मात्र लेव्हल लागते. आपण जिला डम्पी म्हणतो ती लेव्हल विल्यम ग्रॅव्हॅट या इंग्रज इंजिनिअरची, १८३२ सालची. रेल्वेच्या पाहणीसाठी जुनं उपकरण अवजड वाटलं म्हणून त्यानं हे आखूड, सुटसुटीत उपकरण करवून घेतलं. डम्पीनं एक लांबची साखळी साइटवर आणली. आपल्या देशात १९०९ च्या सुमारास उंचीचं जे पहिलं सर्वदूर जाळं जुळवलं गेलं, ते ९ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर टेकलेलं होतं. त्यांत मुंबई होती, कारवारही होतं. तिथून दगडात कोरलेले बेंचमार्क, त्यांवरून पुलाच्या कठड्यावर लाल रंगानं काढलेला तात्पुरता बेंचमार्क, त्यावरून चराकडेची खुंटी. 'शून्य' कुठून आला हे प्रत्येक पायरीवर कुणी तरी डोळ्यांनी पाहिलेलं आणि लेव्हलच्या वहीत लिहिलेलं असे. सेन्सरकडे वळण्याआधी हे लक्षात असू द्या, कारण सेन्सर ही साखळी मोडत नाही. तो फक्त तिची शेवटची कडी आहे.

पोकलेन आला आणि साइट रेल गेली. ज्या जागेत यंत्र फिरतं तिथे आडव्या फळ्या टिकत नाहीत. शिवाय दहा माणसांचं दिवसभराचं काम ते तासाभरात उरकू लागलं, त्यामुळे खोलीही सतत बघावी लागू लागली. उपाय सोपा आणि स्वस्त निघाला. ५ मीटरचा ॲल्युमिनियमचा स्टाफ घेऊन एक हेल्पर चरात उतरवायचा. ऑपरेटर दोन बकेट काढून थांबतो, हेल्पर उडी मारतो, स्टाफ उभा धरतो, वरचा इंजिनिअर लेव्हलमधून वाचतो, हातानं खूण करतो, हेल्पर वर येतो. दिवसातून साठ-सत्तर वेळा. खोदाई यंत्रानं होऊ लागली म्हणून चरातली माणसं कमी झाली, हे खरं. पण जो एक उरला तो नेमका तिथे उभा असायचा जिथे भिंत आत्ताच कापली गेली आहे आणि आधार अजून दिलेला नाही. वर टन-दीड टनाची भरली बकेट लटकते आहे ती वेगळीच.

एक घन मीटर माती दीड ते दोन टन भरते. छातीवर नुसता दाब आला तरी श्वास घेता येत नाही, तोंड उघडं असलं तरी. म्हणून आपल्या आयएस ३७६४ या मानकात १.५ मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यायला सांगितलं आहे. अमेरिकेच्या १९८९ सालच्या नियमातही जवळपास तीच रेषा आहे, ५ फूट. पण खोली मोजायला 'दोन मिनिटं' उतरणाऱ्या माणसाला हा नियम लागू होतो असं कुणाला वाटतच नसे. मी पाहिलेली एक घटना सांगतो. ऑगस्ट महिना, काळी माती, २.४ मीटर खोल चर. रात्री पाऊस पडून सकाळी ऊन पडलेलं. विशीतला एक हेल्पर स्टाफ धरून उभा होता आणि डाव्या बाजूची भिंत आवाज न करता सरकली. तो कमरेपर्यंत गाडला गेला. बकेट त्याच्याजवळ नेता येईना, कारण यंत्राच्या वजनानं दुसरी बाजूही आली असती. त्याला घमेल्यांनी आणि हातांनी मोकळं करायला दीड तास लागला. तो वाचला. एका पायानं लंगडतो. स्टाफ मधोमध वाकलेला निघाला. त्या दिवसाच्या नोंदीत कंत्राटदाराच्या माणसानं 'मातीत पाणी मुरल्यानं कामात खंड' एवढंच लिहिलं.

या हेल्परला वर काढायचं पहिलं साधन आलं ते बांधकामातून नाही, शेतीतून. अमेरिकेत ओहायोसारख्या सपाट, चिबड जमिनीच्या भागात शेताखाली पाइप पुरून पाण्याचा निचरा करतात. १९६० च्या दशकात पन्हाळी प्लॅस्टिकचे पाइप आले. त्यांना चर खणायचीही गरज नव्हती. नांगरासारखं यंत्र जमीन चिरत जाई आणि मागून पाइप आत सोडी. ते इतकं भराभर चाले की मागे लेव्हल घेऊन धावणं अशक्य. थिओडोर मेमननं १९६० मध्ये पहिला लेझर चालवून दाखवला होता, आणि याच दशकात तिथल्या कृषी खात्याच्या संशोधकांनी लेझरच्या किरणावरून नांगराची खोली आपोआप सांभाळण्याची सोय उभी केली. पुढे फिरता लेझर आला. शेताच्या कडेला तिवईवर तो गरगर फिरत राहतो, हवेत एक अदृश्य सपाटी पसरते आणि यंत्रावरच्या दांडीचा डोळा ती पकडतो. एका अर्थानं ही साइट रेलच. फक्त फळी प्रकाशाची आणि चारी दिशांना.

पोकलेनला हा डोळा लावला तेव्हा अडचण आली. नांगराची दांडी उभीच असते. पोकलेनची आर्म सतत कोन बदलते. तिरक्या आर्मवरचा डोळा किरण पकडेल, पण दात त्याच्या किती खाली आहे हे कोनावर ठरणार. म्हणून ऑपरेटरला दर वेळी आर्म ओळंब्यात उभी करून मगच वाचन घ्यावं लागे. त्यातून सुटका करायची तर कोन मोजायला हवा. आणि एकदा कोन मोजायचाच म्हटलं तर सगळेच का नाहीत?

आजच्या यंत्रणेचा गाभा हा एवढाच आहे, आणि दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे तो जात नाही. बूमवर एक सेन्सर, आर्मवर एक, बकेटच्या जोडावर एक आणि यंत्राचं अंग पुढे-मागे, डावी-उजवीकडे किती कललं आहे ते सांगणारा एक. प्रत्येक भागाची पिनेपासून पिनेपर्यंतची लांबी आधीच मोजून भरलेली. लांबी आणि कोन माहीत असले की दात बूमच्या मुळाच्या किती खाली आणि किती दूर आहे, हे निघतं. सुरुवातीचे कलमापक लंबकासारखे किंवा द्रवावर चालणारे होते. यंत्र हिसका देई तेव्हा तेही डोलत आणि आकडा स्थिर व्हायला वाट बघावी लागे. मग मोटारींच्या एअरबॅगसाठी १९९० च्या दशकात सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले इवले वेगबदल-मापक स्वस्त झाले, फोनमुळे आणखी स्वस्त झाले, आणि त्यांना जायरोची जोड मिळून चालत्या बकेटचा कोन पटकन कळू लागला. २०१४ मध्ये कोमात्सुनं असा पोकलेन आणला, की दात नकाशातल्या पातळीला टेकू लागला की बूम स्वतःच वर उचलली जाते.

स्टाफवाला आता उतरत नाही. ही खरी कमाई आहे आणि ती मला लहान वाटत नाही. पण पडद्यावर हिरव्या पट्टीत '२.४०' दिसलं की ऑपरेटरच्या चेहऱ्यावर जी निश्चिंती येते, तिची मला काळजी वाटते. वीस टनी यंत्राची बूम आणि आर्म पुढे ताणली की पोच साधारण ९ मीटर होते. एखादा सेन्सर फक्त ०.१ अंश चुकला तर ९ मीटरवर ती चूक जवळपास १६ मिलिमीटर होते, म्हणजे १:२०० च्या लाइनीचा तीन मीटरचा उतार. बकेटचे दात ३० मिलिमीटर झिजले आणि यंत्रणेला सांगितलं नाही, तर चर तेवढाच वर राहतो. उलट, सकाळी नवे दात ठोकले आणि मोजमाप जुनंच ठेवलं तर जास्त खोदला जातो. पिन-बुश खेळू लागले तर आकडा स्थिर दिसतो, पण खरा नसतो. आणि सगळ्यात जास्त वेळा घडणारी गोष्ट म्हणजे बकेट बदलली जाते आणि पडद्यावरच्या यादीत आधीचीच राहते.

दुसरं असं, की साध्या यंत्रणेला शून्य तुम्ही द्यायचा असतो. दात खुंटीवर टेकवायचा, बटण दाबायचं. तिथून पुढचा आकडा त्या खुंटीपासून. पण पोकलेन दोन मीटर मागे सरकला की बूमचं मूळच वर-खाली होतं आणि सेन्सरांना ते कळत नाही. त्यांना फक्त कोन कळतात. म्हणून हलण्याआधी दात एका पक्क्या जागी टेकवायचा, हलल्यावर पुन्हा तिथेच टेकवून शून्य घ्यायचा, किंवा आर्मवरच्या डोळ्यानं लेझर पकडायचा. दोन उपग्रह अँटेना असलेल्या महाग यंत्रणेत हे करावं लागत नाही. मात्र उपग्रहावरून मिळणारी उंची ही आडव्या जागेपेक्षा नेहमीच कच्ची असते; चांगल्या स्थितीतही दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे. आपल्या गल्ल्यांत, चार मजली इमारती आणि वडाच्या मधोमध, ती आणखी डळमळते. गटाराच्या तळासाठी मी तिच्या भरवशावर राहत नाही.

ऑपरेटरांना मी सकाळची एकच गोष्ट पक्की करायला सांगतो. जमिनीवर, चरापासून दूर, माहीत असलेल्या उंचीची एक खुंटी. तिच्यावर दात तीनदा टेकवायचा. एकदा यंत्र जवळ उभं करून, एकदा मध्यम अंतरावरून, एकदा पूर्ण ताणून. तिन्ही वेळा आकडा एकच आला तर सेन्सर, लांब्या आणि बकेट ठीक आहेत. जवळ बरोबर आणि लांब चूक आला तर एखादा कोन बिघडला आहे. तिन्ही वेळा सारखाच चुकला तर दात किंवा बकेट बघा. यासाठी कुणालाही खाली उतरावं लागत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण आकड्याबद्दल शंका आली की पहिली आज्ञा अजूनही "जा रे, बघून ये" हीच निघते. बघायचंच असेल तर आधी आधार द्यायचा, बकेट जमिनीवर टेकवायची, लॉक लिव्हर उचलायचा आणि मग शिडीनं उतरायचं.

आता उरतं ते सगळ्यात अवघड. स्टाफवाला फक्त आकडा धरून उभा नसे. त्याला काळी माती संपून मुरूम लागलेला पायाला कळे. भिंतीतून पाणी झिरपू लागलं की तो ओरडे. आपल्याकडे विजेची केबल पुरताना तिच्याभोवती वाळू आणि वर विटांची रांग घालायची पद्धत आहे. चरात काम करणाऱ्याला ओळीनं विटा दिसल्या की तो हात वर करी, कारण जमिनीखाली विटा अशा ओळीनं आपोआप येत नाहीत. सेन्सरला वीट, वाळू, केबल, मुरूम सगळं सारखंच. त्याला फक्त ०.७२ माहीत. नकाशात पाइपचा तळ असतो. त्या नकाशात दुसऱ्या खात्याची गॅसलाइन असेलच असं नाही, आणि असली तरी ती कागदावर जिथे आहे तिथेच जमिनीत असेल असंही नाही.

बेल्जियममध्ये गिस्लेंगियेन गावाजवळ ३० जुलै २००४ रोजी उच्च दाबाची गॅसवाहिनी फुटून २४ माणसं मेली, शंभराहून जास्त भाजली-जखमी झाली. वाहिनीला इजा त्या दिवशी झाली नव्हती. आधीच्या बांधकामात त्या जागेवरची माती कमी केली गेली होती, आणि एका यंत्राचे दात पाइपला घासून गेले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी सांगितलं गेलं नाही. पुढे दाब वाढला तेव्हा पाइप तिथेच उघडला. खोली नेमकी मोजता येणं आणि त्या खोलीवर काय आहे हे ठाऊक असणं, यांत किती अंतर आहे ते मला या घटनेइतकं दुसरीकडे दिसलं नाही.

भारत सरकारनं २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केलं. खोदणाऱ्यानं आधी कळवायचं, ज्यांच्या लाइनी तिथे आहेत त्यांनी उत्तर द्यायचं. अशा तुटफुटीनं देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं सरकारनं तेव्हा सांगितलं होतं. ॲप चांगलं आहे, मी वापरतो. तरीही उत्तर आल्यावर दर काही मीटरवर हातानं चाचणीचे खड्डे घेतल्याशिवाय आम्ही बकेट लावत नाही. केबल सापडली की तिची जागा यंत्रणेत भरतो आणि तिच्या दोन्ही अंगांना अर्धा मीटर यंत्राला मज्जाव. तो अर्धा मीटर फावड्याचा.

स्टाफवाल्याचं काय, या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाला म्हणून माझं उत्तर असं असतं. तो लागतो, पण वर. काठापासून निदान दीड मीटर मागे, ऑपरेटरला दिसेल अशा जागी, बकेटच्या फेऱ्याबाहेर. पडदा आल्यापासून ऑपरेटरची नजर पडद्यावर खिळते, त्यामुळे मागून सायकलवाला आला तर तो यानंच बघायचा. मातीचा रंग बदलला, ओल दिसली, विटा दिसल्या, चराच्या कडेला केसासारखी चीर पडली, तर यानं हात वर करायचा आणि ऑपरेटरनं कारण न विचारता थांबायचं. सध्या माझ्याबरोबर जो मुलगा हे काम करतो त्याच्या एका हातात शिट्टी आहे आणि दुसऱ्या हातात वही. दर पाच मीटरला तो लांब दांडीवरच्या लेझर रिसीव्हरनं वरूनच तळ वाचतो, ऑपरेटरला पडद्यावरचा आकडा विचारतो आणि दोन्ही शेजारीशेजारी लिहितो. फरक १५ मिलिमीटरच्या आत असेल तर मान हलवतो. गेल्या मंगळवारी तो २२ आला. त्यानं शिट्टी वाजवली, बकेट वर आली, आणि दातांवरचा चिखल खरवडल्यावर दिसलं की मधला एक दात मुळातून गळून पडला होता.